पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर खरं छापा : मराठी प्रकाशकांना खुलं पत्र

मराठी प्रकाशकांना आणि प्रकाशकांच्या संघटनांना,

स. न. वि. वि.

मागणी एकच आहे. ती आधी सांगते, कारणं मागाहून. तुमच्या प्रत्येक पुस्तकात, शीर्षकपानाच्या पाठीमागे, जिथे तुमचा पत्ता, मुखपृष्ठकाराचं नाव, आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक आणि किंमत छापलेली असते, तिथे आणखी काही ओळी छापा. ही आवृत्ती किती प्रतींची आहे. छपाईचा खर्च तुम्ही केला की लेखकाने. संपादन कुणी केलं आणि मुद्रितं, म्हणजे प्रुफं, कुणी तपासली. भाषांतर असेल तर ते कुणी केलं आणि त्यात यंत्राचा वाटा किती. जुनं पुस्तक नव्याने काढलं असेल तर मजकूर कोणत्या आवृत्तीवरून घेतला. याला जास्तीचा खर्च नाही, पानही वाढत नाही. तरी आज मराठी पुस्तकाला याच ओळींची सर्वांत जास्त गरज आहे, असं मला ठामपणे वाटतं.

मी ठाण्यात, नौपाड्यात राहते आणि मुद्रितशोधनाचं काम करते. तुमच्यापैकी काहींची पुस्तकं माझ्या नजरेखालून गेली आहेत. पूर्वी गिरगाव-दादरहून प्रुफांचं बाड घेऊन कुणीतरी लोकलने ठाण्याला यायचं आणि चार दिवसांनी न्यायला यायचं. पहिलं वाचन मूळ हस्तलिखिताशी ताडून, दुसरं दुरुस्त्या नीट लागल्या का ते बघायला, तिसरं सलग, वाचक वाचेल तसं. मध्येच संपादकांचा फोन यायचा, की अमुक पानावर लेखकाने दिलेलं साल मागच्या प्रकरणाशी जुळत नाही, जरा बघून ठेवा. आता रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते. ‘ताई, सकाळी छपाईला जातंय, फक्त एक नजर टाका.’ अडीचशे पानांवर नजर टाकायची! हल्ली पुष्कळदा तोही निरोप येत नाही. पुस्तक थेट छापून येतं, मी ते दुकानातून विकत घेते, आणि पहिल्याच पानावर पेन्सिल शोधावी लागते.

बदललं आहे ते पुस्तक होण्यामागचं गणित. तुम्हाला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, पण हे पत्र वाचकांनीही वाचावं अशी इच्छा असल्यामुळे थोडक्यात मांडते.

ऑफसेटवर छापायचं तर सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांच्या प्लेटा कराव्या लागतात, मशीन लावावं लागतं, छपाई नीट येईपर्यंत कागद वाया जातो. हा खर्च शंभर प्रतींना जेवढा, जवळजवळ तेवढाच हजाराला. त्यामुळे वर्षानुवर्षं मराठी पुस्तकाची आवृत्ती म्हटली की हजार प्रती असं धरलं जायचं. आणि हजार प्रती म्हणजे कागद, छपाई, बांधणी, गोदाम आणि दोन-तीन वर्षं अडकून पडलेली रक्कम. ती रक्कम तुमची असायची. स्वतःचे पैसे अडकणार म्हटल्यावर हस्तलिखित दोन जाणत्या माणसांकडून वाचून घेतलं जायचं. लेखकाला शेवटची प्रकरणं पुन्हा लिहायला सांगितलं जायचं. प्रसंगी स्पष्ट नकारही दिला जायचा. संपादन साहित्याच्या ओढीने होत होतंच, पण त्याला व्यवहाराचा भक्कम टेकू होता.

मग डिजिटल छपाई आली. प्लेट नाही, मशीन लावण्याचा खटाटोप नाही. फाइल दिली की पन्नास प्रती निघतात, पाच निघतात, मागणी आली तर एकही निघते. दर प्रतीमागे खर्च जास्त पडतो, पण पैसा अडकत नाही. ‘हजाराची आवृत्ती’ पाचशेवर आली, मग तीनशेवर, आणि आता कित्येक पुस्तकांच्या बाबतीत किती प्रती छापल्या हे कुणीच सांगू शकत नाही, कारण लागतील तशा छापल्या जातात.

यातून फार चांगलंही झालं आहे. ठाणे आणि नवी मुंबईच्या गावठाणांत आगरी-कोळी लग्नात धवलारीण धवले गाते. त्या गाण्यांचा, त्यांतल्या विधींचा, त्या बोलीचा संग्रह कुणी केला तर त्याला हजार गिऱ्हाइकं कुठून मिळणार? पण दीडशे नक्की मिळतात, आणि ती दीडशे माणसं पुस्तक जपून ठेवतात. जुन्या हिशेबात असं पुस्तक निघालंच नसतं. एखाद्या शाळेचा इतिहास, एखाद्या तालुक्यातल्या देवळांची आणि शिलालेखांची टिपणं, पन्नास वर्षं कुठेच न मिळणारं चरित्र, ही सगळी या छोट्या आवृत्त्यांमुळे वाचकाच्या हाती येऊ शकतात. कागदाबाहेरही वाटा फुटल्या. २०१६च्या डिसेंबरात किंडलवर मराठी ई-पुस्तकांची सोय झाली. २०१७मध्ये स्टोरीटेल हे बोलत्या पुस्तकांचं अ‍ॅप मराठीत आलं आणि ठाण्याहून सीएसएमटीला उभ्याने जाणाऱ्या माणसाला कानाने कादंबरी ऐकता येऊ लागली. ठाण्यातूनच चालणारं ई साहित्य प्रतिष्ठान कितीतरी वर्षं विनामूल्य ई-पुस्तकं वाचकांना पोहोचवतं आहे. प्रतिलिपी या ऑनलाइन मंचावर रोज नवे लेखक गोष्टी टाकतात आणि त्यांना वाचकही मिळतात. तिथे वाचकाला पक्कं माहीत असतं की लिहिणाऱ्याने लिहिलं आणि थेट आपल्यापर्यंत आलं. मध्ये कुणी नाही, असल्याचा दावाही नाही. त्या व्यवहाराबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती छापील पुस्तकात चाललेल्या लपवाछपवीची. पूर्वी पुस्तकावर प्रकाशकाचं नाव आहे म्हणजे कुणीतरी पैसे लावून, वाचून, तपासून हे आणलं आहे, एवढं न सांगता कळायचं. आज तसंच नाव असतं, तसंच बोधचिन्ह असतं, मलपृष्ठावर तशीच पाठराखण असते, पण आतल्या आत सगळं बदललेलं असू शकतं. पैसे लेखकाने दिले आहेत, संपादन झालेलं नाही, प्रुफं लेखकाच्या भाच्याने एका रविवारी बघितली आहेत, प्रती साठ आहेत. आणि शेजारीच ठेवलेल्या दुसऱ्या पुस्तकावर एका संपादकाने सहा महिने घालवले आहेत. किंमत दोन्हींची ३५० रुपये. वाचकाने फरक ओळखायचा कशावरून?

एक उदाहरण सांगते. नावं कुणाचीच देत नाही. कळव्याला राहणाऱ्या, सरकारी दवाखान्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या एका परिचारिकेने आठवणी लिहिल्या. लेखन अस्सल होतं. रात्रपाळीतली भीती, प्रसूतीच्या खोलीतला आनंद, वरिष्ठांची बोलणी, सगळं नेमक्या तपशिलांसह. एका प्रकाशनाने त्यांना ‘पॅकेज’ दिलं. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असे तीन दर. त्यांनी मधला घेतला. त्यात अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, आयएसबीएन, ‘संपादन साहाय्य’, ऑनलाइन विक्रीची नोंद आणि लेखिकेला शंभर प्रती. पुस्तक दोन महिन्यांत आलं. अनुक्रमणिकेतले पृष्ठांक आतल्या पानांशी जुळत नव्हते, कारण अनुक्रमणिका आधी लावली आणि टाइपाचा आकार नंतर बदलला. एक पूर्ण परिच्छेद दोन प्रकरणांत जसाच्या तसा होता. ‘दुसऱ्या’ हा शब्द जिथे येईल तिथे ‘दुसर्‍या’, ‘दुसर्या’ आणि ‘दुसऱ्या’ अशी तीन रूपं, कारण अर्धा मजकूर श्रीलिपी या जुन्या टंकप्रणालीतून युनिकोडमध्ये आणलेला आणि अर्धा मोबाइलवर टाइप केलेला. हे काम करणाऱ्या कुणालाही विचारा. रूपांतर झाल्यावर पहिल्यांदा अर्धा र आणि रफार तपासायचे असतात, एवढं साधं आहे ते. थोडक्यात, ते पुस्तक छापण्याआधी एकाही माणसाने सलग वाचलेलं नव्हतं. काही दिवसांनी ऑनलाइन नोंदीवर ‘दुसरी आवृत्ती’ झळकली. पहिली किती प्रतींची होती, असं बाईंनी विचारलं तेव्हा उत्तर आलं, ‘मॅडम, आता तसं काही नसतं.’

त्या बाईंची फसवणूक झाली का? कराराच्या कागदावर बहुधा नाही. पण त्यांच्या आठवणींची माती झाली, आणि ज्या वाचकाने पैसे मोजून ते पुस्तक घेतलं त्याचा पुढचं मराठी पुस्तक घेण्याचा उत्साह गेला. हे दुसरं नुकसान तुमचं आहे. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या प्रकाशकाचं तर ते दुप्पट आहे, कारण त्याच्या सहा महिन्यांच्या कष्टांना वाचकाच्या लेखी काही वेगळेपणा उरत नाही.

आयएसबीएनबद्दलही वाचकांचा आणि नवलेखकांचा मोठा गैरसमज आहे. तो तेरा आकडी क्रमांक म्हणजे सरकारी पसंतीचा शिक्का असं पुष्कळांना वाटतं. आपल्याकडे तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून मिळतो, विनामूल्य मिळतो, आणि तो फक्त पुस्तकाची ओळख पटवतो. आत काय आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. तरी ‘पॅकेज’च्या यादीत त्याचे वेगळे पैसे लावलेले मी पाहिले आहेत. महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या बढतीच्या गुणांकनात आयएसबीएन असलेल्या पुस्तकाला गुण मिळू लागले, तेव्हापासून केवळ त्या क्रमांकासाठी निघणारी पुस्तकंही आली. त्यांच्याबद्दल इथे लिहीत नाही. ती वाचकासाठी नसतातच.

प्रतींची संख्या छापा म्हटल्यावर काहींना हे नवीनच खूळ वाटेल. पण ही आपलीच जुनी रीत आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, महाराष्ट्र सारस्वतकार वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं. अशा कुठल्याही जुन्या ग्रंथालयात जाऊन शंभरेक वर्षांपूर्वीची मराठी पुस्तकं उघडा. ‘आवृत्ती पहिली, प्रती १०००’ असं शीर्षकपानावर छापलेलं पुष्कळ पुस्तकांत सापडेल. त्यामागे कायदाही होता. १८६७च्या मुद्रणालये आणि पुस्तके नोंदणी कायद्याने पुस्तकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-ठिकाण छापणं सक्तीचं केलं होतं, आणि सरकारी नोंदवहीत पुस्तकाची पानं, आकार, आवृत्ती कितवी, प्रती किती, किंमत किती, हक्क कुणाचे, हे सगळं लिहिलं जायचं. इंग्रज सरकारला ते छापखान्यांवर पाळत ठेवायला हवं होतं, यात शंका नाही. पण त्याच नोंदींमुळे एकोणिसाव्या शतकात मराठीत काय, किती छापलं गेलं, हे आज अभ्यासकांना कळतं. हा कायदा आता राहिलेला नाही. त्याच्या जागी १ मार्च २०२४पासून जो नवा कायदा लागू झाला तो फक्त नियतकालिकांपुरता आहे. पुस्तकं त्यातून वगळली. छापलेल्या प्रती कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना पाठवायचं १९५४च्या कायद्याचं बंधन कायम आहे. तेही कितीजण पाळतात, हे तुम्हीच एकमेकांना विचारा. पण आवृत्ती किती प्रतींची, हे सांगायला लावणारं आता कुणी नाही. म्हणजे एकविसाव्या शतकातल्या मराठी प्रकाशनाचा इतिहास उद्या लिहायला घेतला, तर एकोणिसाव्या शतकापेक्षा कमी माहिती हाती लागेल. सरकारने पुन्हा पाळत ठेवावी असं मी मुळीच म्हणत नाही. तुम्ही होऊन सांगा, एवढंच म्हणते.

आता जुन्या पुस्तकांकडे येते. हा विषय मला सगळ्यात जास्त छळतो. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यामुळे २०११पासून ‘श्यामची आई’ कुणीही छापू शकतो, आणि अनेकांनी छापली. यात गैर काही नाही. चांगलं पुस्तक स्वस्तात, जागोजागी मिळावं, यासाठीच कायद्याने ती मुदत घातली आहे. पण हक्क संपलेलं पुस्तक काढण्याची आजची सगळ्यात स्वस्त पद्धत अशी, की जुनी प्रत स्कॅन करायची, संगणकाकडून अक्षरं ओळखून घ्यायची आणि तो मजकूर पानांवर ओतायचा. जुन्या खिळ्यांची छपाई, पिवळा पडलेला कागद, अस्पष्ट शाई. अशा पानावर संगणक ‘ध’चा ‘घ’ करतो, ‘ष’चा ‘प’ करतो, ‘भ’चा ‘म’ करतो. ‘धन’ असेल तिथे ‘घन’ होतं. ‘डोळे भरून पाहिलं’ याचं ‘डोळे मरून पाहिलं’ झालेलं मी छापील पुस्तकात वाचलं आहे. ही चूक शुद्धलेखन तपासणारी कुठलीही प्रणाली एकेकट्या शब्दाकडे बघून पकडणार नाही, कारण ‘मरून’ हाही शुद्ध मराठी शब्दच आहे. ते वाक्य वाचणारा माणूस लागतो. शाळेतली मुलं असल्या प्रतींवरून वाचतात. त्यांना वाटतं, जुन्या लेखकांची भाषाच अशी विचित्र होती.

त्यावर कडी म्हणजे मजकूर कोणत्या आवृत्तीवरून घेतला याचा उल्लेख नसतो. लेखकाने हयातीत केलेले बदल असतात, कुणी गाळलेला मजकूर असतो, कुणी शालेय उपयोगासाठी संक्षेप केलेला असतो. संक्षिप्त प्रतीवरून काढलेलं पुस्तक ‘संपूर्ण’ म्हणून विकलं गेलं तर वाचकाला कसं कळणार? ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण सगळ्यांनी आनंद साजरा केला. मग निदान आपल्या जुन्या लेखकांचा मजकूर त्यांनी लिहिला तसा छापणं, ही त्या दर्जाची अगदी पहिली पायरी नाही का?

भाषांतरांचं थोडक्यात सांगते, कारण तिथे काय चाललं आहे ते तुम्ही रोज बघता. इंग्रजी पुस्तक यंत्रात घालायचं, बाहेर आलेलं मराठी वरवर सारखं करायचं आणि बाजारात आणायचं. एका परिच्छेदात डॉक्टर ‘म्हणाला’ आणि पुढच्याच परिच्छेदात तीच व्यक्ती ‘तिने’ होते, तेव्हा वाचकाला कळायला हवं की हे काम कुणी केलं. अ‍ॅमेझॉनच्या किंडल प्रकाशन सेवेने सप्टेंबर २०२३पासून मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला असेल तर तसं कळवणं सक्तीचं केलं, आणि एका खात्यावरून एका दिवसात तीनच नवी पुस्तकं चढवायची मर्यादा घातली. अशी मर्यादा घालावी लागली, यावरूनच काय वेगाने पुस्तकं येत होती याचा अंदाज येतो. पण लेखकाने दिलेली ती माहिती कंपनीकडेच राहते, वाचकाला दिसत नाही. मी यंत्राच्या विरोधात नाही, मीसुद्धा शब्द शोधायला, संदर्भ ताडायला संगणक वापरते. यंत्राने केलेला कच्चा मसुदा जाणत्या भाषांतरकाराने वाक्य न् वाक्य घडवला असेल तर तसं अभिमानाने छापा. आणि भाषांतरकाराचं नाव मुखपृष्ठावर घ्या, हेही जाता जाता सांगते.

तुमची बाजू मला कळत नाही असं समजू नका. पुस्तकावर जीएसटी नाही, म्हणून बाहेरच्या माणसाला वाटतं प्रकाशकाला करच नाही. कागदावर आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून वह्यांच्या कागदाला सूट मिळाली आणि तुमच्या कागदाचा दर १२ टक्क्यांवरून १८वर गेला. पुस्तक करमुक्त असल्यामुळे तो कर वजा करूनही मिळत नाही. वितरक आणि विक्रेते मिळून ४०-५० टक्के नेतात, त्यांचंही भाडं आणि पगार त्यातूनच भागतात. ग्रंथालयांची खरेदी त्यांच्या अनुदानावर, आणि अनुदान कधी येईल ते कुणी सांगावं. पुस्तक निघाल्याच्या आठवड्यात त्याची पीडीएफ टेलिग्रामवर फिरायला लागते. या सगळ्यात नवा, अनोळखी लेखक स्वतःच्या पैशाने छापण्याची जोखीम तुम्ही घेतली नाहीत, तर मी तुम्हाला दोष देणार नाही. लेखकाने खर्च केला यात कमीपणाही नाही. आपल्या कितीतरी थोर माणसांनी पदरमोड करून पुस्तकं काढली आहेत. कमीपणा लपवण्यात आहे.

‘असं छापलं तर पुस्तक घेणार कोण?’ हा आक्षेप मला एका प्रकाशकांनी तोंडावर ऐकवला. मी म्हणते, घेणारा घेईल. ‘छपाईखर्च लेखिकेचा, संपादन अमुक यांचं, प्रती दोनशे’ असं वाचल्यावर त्या परिचारिकेच्या आठवणी कुणी बाजूला ठेवल्या नसत्या. उलट दोनशेच प्रती आहेत म्हणून चार माणसांनी लगेच घेतल्या असत्या. पण ‘संपादन’ या शब्दापुढे जागा रिकामी ठेवावी लागली तर ती लेखिकेलाही खटकली असती, आणि ‘गोल्ड’च्या दरात कबूल केलेलं संपादन कुठे गेलं, हा प्रश्न तिने छपाईआधी विचारला असता. या ओळींचा खरा उपयोग तिथे आहे. लेखकाला कळतं आपण कशाचे पैसे देतो आहोत, आणि तुम्हाला ते काम करवून घ्यावंच लागतं. दहा रुपयांच्या बिस्किटपुड्यावर आत काय आहे, वजन किती, कुठे बनवलं, हे छापलेलं असतं. साडेतीनशे रुपयांच्या पुस्तकाने एवढं तरी सांगावं.

मुद्रितशोधकाचं नाव छापा, असं म्हणते तेव्हा त्यात माझा स्वार्थ आहे असं कुणाला वाटेल. नाव छापलं गेलं की चूकही माझ्या नावावर जमा होते, हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि तेच हवं आहे. ज्या कामाखाली नाव असतं ते काम रात्री अकराला ‘एक नजर’ टाकून कुणी करत नाही. वेळ मागावा लागतो, तुम्हाला तो द्यावा लागतो. अक्षरजुळणी करणाऱ्याचं नाव आपण कित्येक वर्षं छापत आलो आहोत. त्याच ओळीखाली आणखी दोन नावं मावतात.

ऑनलाइन विक्रीमुळे हे अधिकच निकडीचं झालं आहे. राम मारुती रोडवरच्या दुकानात किंवा एखाद्या सभागृहातल्या प्रदर्शनात उभं राहून पुस्तक चाळता येतं. चार पानं वाचली की सराईत वाचकाला आतला माल कळतो. घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या नव्या वस्तीत राहणाऱ्याच्या आसपास मराठी पुस्तकांचं दुकानच नाही. तो मुखपृष्ठाचं चित्र आणि पाच तारे बघून मागवतो, आणि ते तारे कुणी दिले हे त्याला ठाऊक नसतं. तेव्हा या ओळी छापील पानावर आणाच, पण ऑनलाइन नोंदीच्या वर्णनातही द्या. तिथे भरपूर जागा असते, आणि सध्या ती स्तुतीने भरलेली असते.

लेखकांशी होणाऱ्या करारांबद्दलही चार शब्द लिहायलाच हवेत, कारण खर्च कुणाचा आणि हक्क कुणाचे हे प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्याचं १९वं कलम सरळ आहे. हक्क हस्तांतरित करायचे तर ते लेखीच हवं. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरायची, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. वेगळं काही ठरलेलं नसेल आणि घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरला नाही, तर तो परत लेखकाकडे जातो. आणि प्रत्यक्षात काय दिसतं? छपाईचे सगळे पैसे लेखकाने द्यायचे, आणि करारात ‘सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे’ अशी एक ओळ, ज्यात ई-पुस्तक, ऑडिओ, भाषांतर सगळंच आलं. पुस्तकाची मूळ फाइल मागितली तर ती ‘आमची मालमत्ता’. लेखकाच्या खर्चाने काढलेल्या पुस्तकाचे हक्क लेखकाकडेच राहतील, फाइल त्याला मिळेल आणि दर वर्षी किती प्रती छापल्या, किती विकल्या, याचा लेखी हिशेब त्याला जाईल, एवढं तुमच्या संघटनांनी एकमताने ठरवलं तरी नव्या लेखकांची निम्मी दैना संपेल. नव्या लेखकांनाही सांगते, की आधी ‘पॅकेज’चा तक्ता बाजूला ठेवा आणि करार मागून घ्या. करार दाखवायला जो टाळाटाळ करेल त्याच्याकडे हस्तलिखित देऊ नका.

मी सुचवते तो मजकूर असा. यात हवा तो बदल करा, पण यातली एकही माहिती गाळू नका.

पहिली आवृत्ती : मे २०२६, २०० प्रती (डिजिटल छपाई)
छपाईखर्च : लेखिका
हक्क : लेखिकेकडे
संपादन : (नाव)
मुद्रितशोधन : (नाव), तीन वाचनं
अक्षरजुळणी : (नाव)
मजकुरात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर : नाही

मागणीनुसार छपाई असेल तर पहिल्या ओळीत तसं लिहा, आणि पुढच्या आवृत्तीच्या वेळी आधीच्या आवृत्तीच्या एकूण किती प्रती गेल्या ते छापा. पुनर्मुद्रण असेल तर ‘मजकुराचा आधार : अमुक सालची अमुक आवृत्ती’ एवढी ओळ पुरे. संपादन झालेलं नसेल तर ‘संपादन : लेखकाचं स्वतःचं’ असं लिहा. त्यात काही बिघडत नाही.

प्रकाशकांच्या संघटनांना विनंती, की पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय पत्रिकेवर घ्या आणि ठराव करा. तो होईपर्यंत ज्यांना पटेल त्यांनी आपल्या येत्या पुस्तकापासून सुरुवात करावी. साहित्य संमेलनांच्या ग्रंथदालनात आणि पुरस्कारांच्या निवडीत या ओळी असलेल्या पुस्तकांनाच जागा द्यायची, असं आयोजकांनी ठरवलं तर ठरावाचीही वाट बघायला नको. ज्यांना मजकूर ठरवायला, जुन्या आवृत्त्या ताडायला किंवा आपल्या अक्षरजुळणीकाराला अर्ध्या र-ची भानगड समजावून द्यायला मदत हवी असेल, त्यांच्यासाठी मी आणि या कामातल्या माझ्या मैत्रिणी वेळ काढू. त्याचे पैसे घेणार नाही.

आपली,
एक मुद्रितशोधक
नौपाडा, ठाणे